मॅच सुटल्यावर

फुटबॉलच्या क्लबाला लहान म्हणायचं ते कशावरून? मैदानावरच्या गर्दीवरून म्हणावं, तर कोल्हापूरचं छत्रपती शाहू स्टेडियम आडवं येतं. तिथे खेळणाऱ्या तालमींच्या संघांपैकी एकही देशाच्या अव्वल लीगमध्ये नाही. पण पाटाकडील आणि दिलबहार समोरासमोर आले की गॅलरीत पाय ठेवायला जागा राहत नाही. नावाजलेल्या व्यावसायिक क्लबांना घरच्या मैदानावर कित्येकदा एवढी माणसं मिळत नाहीत. वयावरून म्हणावं, तर कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली केएसए, १९४० सालची आणि झगमगाटातली इंडियन सुपर लीग २०१४ सालची. मग लहान कोण आणि मोठं कोण?

मला एक साधी कसोटी पटते. मॅच सुटल्यावर खेळाडू कुठल्या रस्त्याने घरी जातो, ते बघावं. काचा बंद केलेल्या बसमधून तो हॉटेलात किंवा विमानतळावर जात असेल, तर क्लब मोठा. बूट पिशवीत कोंबून, ज्यांनी दोन्ही हाफ त्याला शिव्या आणि शाबासक्या दिल्या त्यांच्यातल्याच कुणाच्या तरी गाडीवर मागे बसून तो त्याच गल्लीत जात असेल, तर क्लब लहान. बाकी सगळं, म्हणजे प्रेम, दंगा, लाज, पैसा, अगदी पंचाची छातीतली धडधडसुद्धा, या एका गोष्टीतून निघतं. कसं निघतं ते सावकाश बघू.

कोल्हापुरात फुटबॉल आला तेव्हा त्याला नवं घर शोधावं लागलं नाही. तालमी होत्याच. शाहू महाराज १९०२ साली युरोपात जाऊन आले, रोमचं जुनं रंगमैदान पाहून आले, आणि १९१२ साली खासबागेत कुस्तीचं मैदान उभं राहिलं, ही हकिकत कोल्हापूरकर पाहुण्याला चहाआधी सांगतात. पण खासबाग हे शिखर झालं. त्याच्या पायाशी पेठोपेठी लाल मातीचे हौदे होते, आणि हौद्यात उतरणारी पोरं त्या पेठेचीच होती. तालीम म्हणजे नुसता व्यायाम नव्हे. गणपती तालमीचा, शिवजयंती तालमीची, कुणाच्या दारात मांडव पडला की पोरं तालमीची आणि कुणाच्या घरून तिरडी उठली तरी खांदे तालमीचेच. २०१९ च्या महापुरात बोटी, जेवणाची पाकिटं आणि अंथरुणं घेऊन धावलेल्यांत हीच पोरं होती. फुटबॉल या सगळ्यावर येऊन बसला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमी. शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी. शिवाय उत्तरेश्वरची वाघाची तालीम, ऋणमुक्तेश्वर, वेताळमाळ, जुना बुधवार. ही यादी हातात देऊन पोस्टमनला पाठवलं तर तो बहुतेक पत्रं पोचवून येईल.

तेव्हा संघ ही तालमीची एक शाखा झाली, आणि तालमीचं सभासदत्व कुणी निवडत नाही. माणूस ज्या पेठेत जन्मतो त्या पेठेचा होतो. वर्ल्ड कपच्या दिवसांत कोल्हापुरात आलात तर हा फरक डोळ्यांना दिसतो. एका गल्लीच्या तोंडाशी ब्राझीलचा पिवळा झेंडा, पुढच्या चौकात मेस्सीचा माणसाच्या तिप्पट उंच कटआउट. एकाच घरात थोरला अर्जेंटिनाचा आणि धाकटा ब्राझीलचा, महिनाभर जेवताना तोंडं दोन दिशांना. ही आवड निवडलेली असते, म्हणून ती कितीही चढली तरी उतरते. फायनल झाली की कटआउट उतरतो आणि दोघे भाऊ शाहू स्टेडियमवर एकाच बाजूला, एकाच झेंड्याखाली उभे राहतात. तिथे निवडायला काही नसतंच.

सामन्याच्या दिवशी तिथे जायचं असेल तर हंगाम बघून जावं. हिवाळ्यात केएसएची लीग, मग एकामागून एक चषक, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. चषकांची नावं वाचत गेलं तर शहराच्या राजकारणाचा अभ्यासक्रम आपोआप पुरा होतो. महापौर चषक तर असतोच, आमदारांच्या नावाचेही असतात. पण ते सोडा. नव्या पाहुण्याला माझा सल्ला असा, की पहिली वीस मिनिटं चेंडूकडे बघूच नये. कान द्यावा.

मोठ्या स्टेडियममध्ये माणूस जर्सीला ओरडतो. त्याला खेळाडूचं नाव ठाऊक असतं, पगाराचा आकडा ठाऊक असतो, मागच्या मोसमातले गोल ठाऊक असतात. पण तो माणूस सकाळी कसा उठतो हे ठाऊक नसतं. शाहू स्टेडियमवर आरोळीला संदर्भ असतो. काल रात्री हळदीत नाचत होतास, आता पाय कुठनं उचलणार. गुडघा दुखतोय तर सांग की मर्दा, उगं ताणू नकोस. बापाला विचार असला बॉल कसा मारायचा. असलं काहीतरी सतत चाललेलं असतं. या टीकेची गंमत अशी की ती बरीचशी खरी असते. टीव्हीवरच्या समालोचकाला खेळाडू मंदावलेला दिसतो. इथे मागच्या ओळीतल्या काकांना तो का मंदावला हे माहीत असतं, कारण हळदीला तेही होते. आणि बाप कसा मारायचा तेही त्यांनी याच गॅलरीतून पाहिलेलं असतं.

यातून पुढची गोष्ट निघते. खेळाडूलाही आवाज ओळखू येतात. पन्नास हजारांचा गलका हा खेळाडूसाठी हवामानासारखा असतो, असं व्यावसायिक खेळाडू सांगतात; त्यात कुणा एकाचा आवाज उरत नाही. इथे उरतो. थ्रो-इन घ्यायला कडेला आलेला पोरगा एखाद्या वाक्यावर चटकन मान वळवतो, आणि त्याची नजर नेमकी बोलणाऱ्यावर जाते. कधी हसतो, कधी डोळे वटारतो. सामना बघणारा आणि खेळणारा असे दोन वर्ग पडतच नाहीत पुरते. बघणारा प्रत्येक क्षणी उत्तर मागत असतो आणि उत्तर मिळण्याची त्याला खात्री असते. मैदानावर नाही मिळालं तर रात्री कट्ट्यावर मिळेल.

आता टायब्रेकरमध्ये पेनल्टी बारवरून मारणाऱ्या पोराचा विचार करा. युरोपात असं झालं तर खेळाडूचा फोन शिव्यांनी भरून वाहतो. लिहिणारे त्याला कधी भेटणार नसतात, म्हणूनच त्यांच्या भाषेला तळ नसतो. आपल्या या पोराला तसं काही लिहून कुणी पाठवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध आणायला त्यालाच जायचं आहे. दुधाच्या कट्ट्यावर जे म्हशी घेऊन उभे असतात ते काल गॅलरीत होते. मिसळीच्या हॉटेलात होते ते, रिक्षा थांब्यावर होते ते. तो लपणार कुठे? पण याच कारणाने त्याला कुणी फार दिवस सोडूही शकत नाही. दोन दिवस बोलतील, तिसऱ्या दिवशी त्याच्या बहिणीच्या लग्नाचा मांडव घालायचा असतो. लाज इथे फार जवळून लागते आणि फार लवकर निवते. दूरच्या माणसाला विसरण्याची सोय असते, म्हणून त्याला क्षमा करायची गरज कुणाला पडत नाही. शेजाऱ्याला करावीच लागते.

इथवर चित्र गोड झालं. ते तसंच सोडलं तर खोटं होईल, कारण त्याच रस्त्यावरून दगडही येतो.

कोल्हापूरच्या वर्तमानपत्रांत हंगामात दोन शब्द हमखास छापून येतात, ईर्ष्या आणि हुल्लडबाजी. पहिला बहुधा कौतुकाने येतो, दुसरा निषेधाने, आणि दोन्ही एकाच सामन्याबद्दल असतात. मैदानावर धक्काबुक्की, गॅलरीतून फेकाफेकी, बाहेर पोलिसांची धावपळ, मग सामने थांबवणं, केएसएची कारवाई, बैठका, समज, पुन्हा सामने, हे चक्र शहराला नवं नाही. याचं कारण शिस्तीचा अभाव असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. शिस्त तर मोठ्या क्लबांच्या समर्थकांतही नसते. तिथे सोय असते. पाहुण्या संघाचे समर्थक वेगळ्या दाराने आत, वेगळ्या दाराने बाहेर, बंदोबस्तात थेट रेल्वेपर्यंत. दोन गावांमध्ये शे-दोनशे किलोमीटरचं अंतर राग शोषून घेतं. मंगळवार पेठ आणि शिवाजी पेठ यांच्यामध्ये शोषून घ्यायला काय आहे? जिंकलेल्यांची मिरवणूक हलगी कडाडत निघते, गुलाल उधळत निघते, आणि तिच्या वाटेवर हरलेल्यांचा चौक लागू शकतो. शिट्टी मैदानावर वाजली म्हणजे सामना संपलाच असं नाही. जी जवळीक चुकलेल्या पोराला सांभाळून घेते, तीच जवळीक पलीकडच्या पेठेच्या पोराला ओळखून काढते. त्याचंही घर माहीत असतं.

आणि पंच? त्याचा विचार फारसा कुणी करत नाही. खेळाडूला निदान एक पेठ असते. पंचालाही याच शहरात राहायचं असतं, पण शेवटच्या मिनिटाला पेनल्टी दिल्यावर त्याला अर्धं शहर परकं होतं. मोठ्या लीगमध्ये पंच दुसऱ्या राज्यातून येतो आणि रात्रीच्या विमानाने जातो. इथला पंच उद्या भाजी घ्यायला मंडईत जाणार. या मैदानावर कुणाच्या धैर्याचं कौतुक करायचंच झालं तर मी त्याचं करीन. त्याच्या नावाचा चषक अजून माझ्या ऐकण्यात नाही.

माझ्या कसोटीवर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. तालमींच्या संघांत आता बाहेरचे खेळाडू असतात. आफ्रिकेतून आलेले खेळाडू कोल्हापूरच्या मैदानाने पाहिले आहेत आणि डोक्यावरही घेतले आहेत. मोसमापुरते पैसे, मोसमापुरती जर्सी. मग पेठेचं, जन्माचं, निवड नसण्याचं हे सगळं कुठे गेलं?

गेलं नाही, असं मला वाटतं. बाहेरून आलेल्या खेळाडूची राहायची सोय बघा. तो पंचतारांकित हॉटेलात उतरत नाही. समर्थकांनीच कुठेतरी लावून दिलेल्या खोलीत राहतो, त्यांच्याच ओळखीच्या खाणावळीत जेवतो, पांढऱ्या रश्श्यावर खूश होतो आणि तांबड्याने घामाघूम होतो. महिनाभरात लहान पोरं त्याला हाक मारायला लागतात. मोसमापुरता का होईना, त्याचा परतीचा रस्ता तोच झालेला असतो. खरा पेच त्याच्यामुळे पडत नाही. पडतो तो या पेठेतून त्या पेठेच्या संघात गेलेल्या स्थानिक पोरामुळे. सातासमुद्रापलीकडून आलेला खेळाडू पैसे घेऊन खेळतो याचा कुणाला राग येत नाही. चार गल्ल्या ओलांडून गेलेल्याचा येतो. जर्सी त्यांची आणि घर आपल्यात, म्हणजे मॅच सुटल्यावर तो शत्रूच्या गोटातून आपल्याच जिन्याखाली गाडी लावायला येणार. त्याच्या आईचं काय होत असेल, हा प्रश्न मला खेळापेक्षा मोठा वाटतो.

कसोटी खरी की खोटी हे कोल्हापुरात बसून कळणार नाही. जिथे हा रस्ताच नाही अशी जागा बघायला हवी. मलाजखंड घ्या. बालाघाट जिल्ह्याच्या बिरसा तालुक्यातली हिंदुस्तान कॉपरची ही खाण. १९८२ साली इथे उघड्या खाणीतून तांब्याचं खनिज निघू लागलं. खाणीच्या कडेवर उभं राहून पाहिलं तर डोंगर कापत खोल उतरलेल्या पायऱ्या एखाद्या अवाढव्य स्टेडियमच्या गॅलऱ्यांसारख्या दिसतात. मधलं मैदान तेवढं नसतं. अलीकडे काम जमिनीखाली नेणं सुरू झालं आहे. खाणीशेजारी कंपनीची वसाहत, रस्ते आखलेले, क्वार्टरांना नंबर. अशा वसाहतींत खेळाला काही कमी नसतं. कंपन्या मैदानं बांधतात, स्पर्धा भरवतात, जर्सी देतात. पण वसाहतीतला प्रत्येकजण नोकरीच्या पत्रावर आलेला. गोंदियाचा माणूस आणि बंगालचा माणूस शेजारी राहतात, पोरं एकत्र खेळतात, आणि निवृत्तीनंतर दोघांनाही क्वार्टरची किल्ली परत द्यायची असते. म्हणजे मॅच सुटल्यावर जायचं घर कंपनीचं. तिथे गॅलरीत आजोबा असू शकत नाहीत. तुझा बाप असा मारायचा, असं ओरडायला कुणी उरलेलं नसतं. बाप आणि बापाला पाहिलेले दोघेही आपापल्या मुलखात परतलेले असतात. भोवतीची गोंड-बैगांची गावं खाणीच्या कितीतरी आधीची. क्लब मुळापासून रुजायचा असेल तर तो तिथे रुजेल, क्वार्टरांच्या ओळींत नाही.

कंपनीच्या मैदानाला मी कमी लेखत नाही. भारतीय फुटबॉल बराच काळ कंपन्यांनीच पोसला, आणि त्यांत खाणवाले पुढे होते. गोव्यात लोहखनिजावर उभ्या राहिलेल्या घराण्यांचे डेंपो आणि साळगावकर हे क्लब. डेंपोने राष्ट्रीय लीग आणि आय-लीग मिळून पाच वेळा देशाचं विजेतेपद घेतलं, साळगावकरने दोन वेळा. असा खेळ तालमीच्या पोरांना स्वप्नातही झेपला नसता. पण २०१६ साली भारतीय फुटबॉल महासंघाचा नवा आराखडा पटला नाही म्हणून दोन्ही क्लब आय-लीगमधून बाहेर पडले. निर्णय कचेरीत झाला. डेंपो पुढे परतला, तोही निर्णय कचेरीतलाच. मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली आणि २०१० साली संघ बंद झाला. पहिली राष्ट्रीय लीग जिंकणारा फगवाड्याचा जेसीटी २०११ साली. हळहळ झाली, अग्रलेख आले. दुकानं कुठे बंद राहिली नाहीत. पाटाकडील तालीम मंडळाचा संघ उद्यापासून बंद, असं पत्रक काढायचं झालं तर त्यावर सही कोण करणार? तसा अधिकार कुणाकडेच नाही, कारण तसा मालकच नाही.

मालक असला की क्लब उचलून नेताही येतो. लंडनमधला विम्बल्डन क्लब मिल्टन कीन्स या दूरच्या शहरात नेण्याची परवानगी २००२ साली मिळाली. समर्थक मागे राहिले. त्यांनी त्याच वर्षी स्वतःचा नवा क्लब काढला, बऱ्याच खालच्या पायरीवरून सुरुवात केली, आणि २०२० साली ते आपल्या जुन्या भागात, प्लाऊ लेनवर, नव्या मैदानात परतले. अठरा वर्षं लागली. आपल्याकडे २०१९ साली एफसी पुणे सिटी बंद झाला आणि त्याच्या जागी हैदराबादचा क्लब आला. बालेवाडीला नारिंगी टी-शर्ट घालून जाणारी मंडळी होती, मनापासून होती. पण ती शहरभर विखुरलेली. मॅच सुटली की कुणी कोथरूडला, कुणी पिंपरीला, कुणी विमाननगरला. त्यांना पुन्हा एकत्र गोळा करील असा चौक नव्हता. विम्बल्डनवाल्यांकडे तो होता.

राहता राहिला प्रश्न गुणी पोरांचा. अनिकेत जाधव कोल्हापूरचा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला आणि २०१७ साली दिल्लीत सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून उतरला. पुढे आयएसएलमध्ये जमशेदपूर, हैदराबाद अशा संघांतून खेळला. निखिल कदम पुणे एफसी, मोहन बागानपर्यंत पोचला. खरा गुण असलेल्या पोराला हा रस्ता सोडावा लागतो, आणि लवकर सोडावा लागतो, बारा-तेराव्या वर्षी. जो राहतो तो कितीही चांगला असला तरी त्याचं मैदान एक, हंगाम काही महिन्यांचा, प्रतिस्पर्धी तेच. तालीम माणूस सांभाळते, पण त्याची कारकीर्द घडवायला तिच्याकडे ना साधनं आहेत ना, खरं सांगायचं तर, तशी फार इच्छा. तिला तो पुढच्या मोसमात शिवाजी पेठेविरुद्ध हवा असतो.

म्हणून कोल्हापूरच्या नावाचा एक व्यावसायिक संघ हवा, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. प्रेक्षक आहेत, वेड आहे, मैदान आहे. पैसेवाला तेवढा मिळाला की झालं. मुद्दा बिनतोड दिसतो. गोवा, केरळ, मणिपूरहून खेळाडू येतील, परदेशी प्रशिक्षक येईल, बस थेट मैदानाच्या दारात लागेल. पाटाकडील आणि खंडोबा एका गॅलरीत बसतील की नाही हा वेगळा विषय. आठ-दहा सामने बसतीलही. मी तर तिकीट काढून जाईनच. फक्त मंगळवार पेठेतला माणूस त्या संघाच्या सेंटर फॉरवर्डला कुणाचा पोरगा म्हणून हाक मारणार, ते मला अजून सुचलेलं नाही.